जमील मिस्त्रीचं चुकलेलं माप

कळमनुरीच्या जमील मिस्त्रीची एक रीत आहे, आणि तिच्यापायी लोक त्याला थोडं हसतातही. स्वयंपाकघराचं काम घेतलं की टेप नंतर निघतो. आधी तो घरातल्या बाईला म्हणतो, एक भाकर थापून दाखवा. बाई लाजते, नवरा घड्याळ बघतो, आणि हा गडी तिच्या कोपरावर नजर लावून उभा. कोपर कुठं येतं, खांदा वर उचलतो का, हे पाहून तो ओट्याची उंची ठरवतो. पस्तीस वर्षांत त्याच्या ओट्यावर कुणाची पाठ धरली असं ऐकिवात नाही.

सेनगावजवळच्या तांड्यावर जगननं नवं घर बांधलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, मिनानं, एकच हट्ट धरला. स्वयंपाकघर पांढरं पाहिजे. आठ वर्षं ती पत्र्याच्या खोपटात, धुरानं काळ्या पडलेल्या भिंतीपुढं रांधत होती. भरदिवसा दिवा लावल्याशिवाय डाळीतला खडा दिसायचा नाही. जमीलनं तिच्याकडून भाकर थापून घेतली, माप घेतलं आणि पांढऱ्या सनमायक्याची कपाटं झोकात उभी करून दिली. फरशी पांढरी, भिंती पांढऱ्या. मिना हरखून गेली.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. सासू मिराबाई त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. दवाखान्यात कुणी जेवतं का, म्हणायच्या. त्या मागच्या अंगणात चुलीपुढं बसायच्या, आणि जिथं त्यांची भाकर तिथं सगळं घर. मिना आत एकटीच भाजी करायची आणि पातेलं उचलून बाहेर न्यायची. शेवटी जगननं ठरवलं, पुढच्या आठवड्यात कपाटांवर गडद तपकिरी सनमायका चढवायचा, म्हणजे आई आत येईल.

"पांढरं माह्या नशिबात न्हाई, चाचा," मिना म्हणाली. "चढवायचाच असंल तर तुमीच येऊन चढवा."

जमील आला, पण हत्यारांच्या पेटीला त्यानं हात लावला नाही. मधल्या दारात बसला आणि सकाळपासून दुपारपर्यंत नुसता बघत राहिला. जगनला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. आत ट्यूबलाइटच्या उजेडात पांढऱ्या भिंती निळसर, गारठलेल्या दिसत होत्या. नजर टेकावी असं लाकूड नाही, पितळ नाही. आणि बाहेर मिराबाई एक गुडघा उभा करून बसल्या होत्या, बोलता बोलता भाकरीमागून भाकर थापत होत्या. त्यांना ओट्याची गरजच नव्हती. साऱ्या जन्मात त्यांनी उभ्यानं भाकर थापली नव्हती.

तेव्हा कुठं मिस्त्रीच्या ध्यानात आलं. या घरात भाकरी करतं कोण, हेच त्यानं विचारलं नव्हतं. आपल्या रीतीचा त्याला फार अभिमान, आणि ती त्यानं भलत्याच कोपरावर चालवली होती.

"रंगाचा काही गुन्हा न्हाई, जगन," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "माप माह्याकडून चुकलं."

माणसं आपली चूक भिंतीवर ढकलतात, सुतार तर लाकडावर. साठीला टेकलेल्या नावाजलेल्या कारागिरानं ती अशी उघड आपल्या पदरात घ्यावी, याला काळीज लागतं. जगननं आठवडाभर थांबायचं कबूल केलं.

जमीलनं खिडकीकडचं एक कपाट काढलं, वरचा ओटा कापला आणि तिथं बसून भाकरी थापायला सागवानाचा बुटका, रुंद चौथरा बसवला. एका बाजूला शेगडी, समोर परात मावेल एवढी जागा. त्याच लाकडाची उघडी फळी वर ठोकली. दोन्हींना जवसाचं तेल पाजलं, तसा साग मधासारखा उजळला. ट्यूब काढून फळीखाली पिवळे दिवे लावले, आणि त्याच पांढऱ्या भिंतींवर कोवळ्या उन्हासारखा रंग चढला. फळीवर मिराबाईंची पितळी भांडी मांडायची ठरली. जमील अकराच्या अकरा मांडायला निघाला होता. मिनानं त्याला अडवलं. तीनच ठेवली, तीही अंतर सोडून, आणि खिडकीवर सासूच्या हातची आरशांच्या भरतकामाची पट्टी ताणून लावली. मिस्त्री मागं सरून बघत राहिला. पोरीची नजर आपल्यापेक्षा बरी आहे, हे त्यानं मनातल्या मनात कबूल केलं.

मग त्यानं मिराबाईंना आत बोलावलं आणि पहिल्यांदाच त्यांना सांगितलं, एक भाकर थापून दाखवा. त्या दारात घुटमळल्या. चौथऱ्यावर हात फिरवून पाहिला, मग बसल्या. गुडघा बराबर जागी आला. एक भाकर झाली, दुसरी झाली, आणि तिसरीला लेकरं ताटल्या घेऊन आत आली. मिना शेजारीच तिच्या ओट्यावर उभी राहून वांगी परतत होती. नव्या घरात दोघी पहिल्यांदा एका खोलीत रांधत होत्या.

जगननं मान खाली घालून विचारलं, मग तपकिरी सनमायका आणायचा का नाही?

मिराबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. "काहून आणतो?" त्या म्हणाल्या. "माह्या सुनेचं सयपाकघर हाय. तिला पांढरं पाह्यजे."

दोन महिने मिनाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता तिनं तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. जमील मिस्त्रीनं ते पाहिलं, ताट पुढं ओढलं आणि मिराबाईंकडं आणखी एक भाकर मागितली.