'आंबटगोड'वरचा ठिपका

मृण्मयी गेली तेव्हा तिच्या भिंतीवर एक ठिपका द्यायचा राहिला होता.

आज वर्ष झालं.

मी साधा पेंटर. दुकानांचे बोर्ड लिहिता लिहिता हात बसला, शिकवलं कोणी नाही. ती कॉम्प्युटरवर अक्षरांची चित्रं करायची. 'नदी' लिहिलं तर त्यात पाणी वाहताना दिसावं, असं काहीतरी.

बेसा गावात एका दुकानाचा बोर्ड लिहीत मी शिडीवर होतो. खाली स्कूटी थांबली.

"काका, हा 'क' कोणत्या फॉन्टमधला?"

"माझ्या मनगटातला."

तेव्हापासून मनगटाला चिकटलीच पोरगी.

तिच्या वडिलांचं काटोलला संत्र्यांचं दुकान. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पुण्याची चांगली नोकरी सोडून आली म्हणून भाऊ तिच्यावर फुगून होते. आपण काय करतो ते त्यांना एकदा दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून दुकानाच्या भिंतीवर 'आंबटगोड' लिहायला घेतलं. शिरोरेघ म्हणजे वाकडी फांदी, अक्षरं म्हणजे तिला लटकलेली संत्री. मदतीला मी.

ती चहा सांगायला गेली आणि मी घोळ घातला.

शिरोरेघ वाकडी दिसली की माझा जीव वरखाली होतो. खडूची दोरी ताणली, भिंतीवर फटकारली आणि फांदीवरून सरळसोट रेघ ओढून मोकळा झालो. तीही ऑइल पेंटमध्ये!

"काका! झाडाले फुटपट्टी लावली तुम्ही?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पोट धरून हसली. मग त्या रेघेची तिनं विजेची तार केली आणि तारेवर एक चिमणी बसवली.

"हे तुम्ही. मधातच येऊन बसता."

माझी एक जुनी सवय आहे. बोर्ड झाला की एक ठिपका शिल्लक ठेवायचा, तो मालकाच्या हातून द्यायचा. तिला ही सवय फार आवडायची. 'आं'वरचा ठिपका तिनं भाऊंसाठी ठेवला. ब्रश रंगात बुडवून त्यांच्यापुढे धरला.

भाऊंनी भिंतीकडे पाहिलं.

"मले तं वाचता येत नाही. काहून करून राहिली वं हे? आधी नोकरी पकड, मंग ठिपका."

"बरं," म्हणाली. ब्रश धुऊन ठेवला. मला डोळा मारला.

"थांबू काका. संत्रा पिकायले वेळ लागते."

दोन महिन्यांनी तिला डेंग्यू झाला. पाच दिवसांत सगळं संपलं.

वर्षभर भिंतीवर 'आबटगोड'च होतं. नवखी गिऱ्हाइकं हसायची, चूक दाखवायची. भाऊ मान खाली घालून संत्री निवडत राहायचे.

एकदा मी भीत भीत विचारलं, "मी देऊ का ठिपका?"

"हात नका लावू, पेंटर."

आज सकाळी त्यांचाच फोन. "ब्रश घेऊन या."

पहिल्या बसनं गेलो. भाऊ स्टुलावर चढले. ब्रश इतका दाबून टेकवला की रंग ओघळला, पार 'आ'च्या पोटापर्यंत.

मी सवयीनं चिंधी घेऊन धावलो.

"राहू द्या," भाऊ म्हणाले. बराच वेळ स्टुलावरून उतरलेच नाहीत.

"आता येते मले वाचता."

मृण्मयी, बोर्ड पूर्ण झाला. मालकानं पाहिला.

जा पोरी, सुखानं जा.

तुझा, मधातच येऊन बसणारा काका.