लळिंगच्या खिडकीतली राणी

आबांच्या स्कूटरवर मागच्या माणसाला ऐसपैस जागा मिळे. ते स्वतः सीटच्या पुढच्या कडेवर, हँडलला पोट टेकवून बसत. जणू गाडी मागच्याचीच आहे. "बसलात नीट? अजून सरकू?" हे प्रत्येकाला विचारत. मी तेव्हा साठीतली तरुणी, स्वतःला सडपातळ समजणारी. मला तो प्रश्न चांगलाच झोंबला.

आबा धुळ्यातले आमचे शेजारी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मी इतिहासाची मास्तरीण, निवृत्तीनंतर जळगाव सोडून मुलाकडे आलेली. नोकरी संपली होती, जीभ अजून कामावर होती. गावात नवं माणूस आलं की आबा हौसेनं त्याला स्कूटरवरून गाव दाखवत, एका वेळी एकालाच. मला म्हणाले, "बाई, जळगावात सोनं पुष्कळ पाहिलं असेल. आता धुळ्याचे दगड पाहा."

गाडी चालू असली की तोंड बंद. मी मागून काहीबाही विचारत राहिले, तर गाडी कडेला घेऊन म्हणाले, "चालकाशी बोलू नये. एसटीत पाटी वाचली नाही का? थांबलो की बठ्ठं सांगतो, एकूण एक." आणि थांबले की खरंच सांगत. पांझरेवरच्या जुन्या पुलाच्या गवंड्याला त्याची बायको रोज ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन यायची. देवीच्या देवळाची पायरी तिरकी बसली, कारण त्या दिवशी पाथरवट उपाशी होता. आबांच्या इतिहासात तलवारी कमी, पोळपाट जास्त. मी मनातल्या मनात लाल पेनानं रेघा मारत होते.

शेवटी लळिंगच्या किल्ल्याखाली आलो. आबांनी वर बोट दाखवलं. "ती खिडकी. तिथं राणी बसायची. नदीला पूर दिसला की मुदपाकखान्यात सांगायची, आज दोन माणसांचं जास्त टाका, वाटेत कोणी अडकलं असेल..." शेजारी पाच-सहा कॉलेजची मुलं थांबून ऐकू लागली होती. श्रोते दिसल्यावर मी कसली गप्प बसते!

"आबा, ती खिडकी नाही, भगदाड आहे. किल्ला फारुकी सुलतानांचा. तुमची राणी इथं कुठून स्वयंपाकाला आली?"

मुलं हसली. आबाही हसले. म्हणाले, "चुकलं बाई." परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत, पण ते गाडीवर बोलतच नसत. मला काही कळलं नाही. वर मी घरी येऊन हा किस्सा दोनदा रंगवून सांगितला.

त्यानंतर आबांची स्कूटर फक्त दळणाला जाऊ लागली. माझी नणंद जळगावहून आली, तिलाही त्यांनी नाही म्हटलं. मग मी केळ्याचे वेफर्स घेऊन त्यांच्या घरी गेले. "आबा, रागावलात?"

"नाही हो. राग कशाचा?" मग भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाले, "ते बठ्ठं हिचं होतं. मी आयुष्यभर गावं पाहिली ती काचेतून, तीही स्टँडापुरती. रिटायर झाल्यावर ही मागं बसायची. अंगानं भरलेली, मला कडेवर ढकलायची. आणि प्रत्येक दगडापाशी उतरून मला काहीतरी सांगायची. कुठं ऐकलं, कुठं स्वतःच रचलं, देव जाणे. ती गेली. फोटो आहेत, आवाज कोणी भरून ठेवला नाही. तिच्याच शब्दांत सांगायला लागलो, की तो ऐकू यायचा."

मी म्हटलं, "मग सांगा ना. मी मूर्ख आहे."

"तुम्ही खरं तेच सांगितलं, बाई. पण आता त्या किल्ल्याखाली उभा राहिलो की सुलतान येतो. ती येत नाही."

मी हट्टच धरला. इथंच सांगा, मला एकटीला. आबांनी डोळे मिटले. "राणी खिडकीत बसायची. पूर दिसला की सांगायची, आज दोन माणसांचं जास्त टाका, वाटेत कोणी अडकलं असेल..." इथं थांबले आणि डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर चुकतंय का, म्हणून मुलं बाईंकडे पाहतात तसं. मी मान हलवून हलवून "बरोबर, बरोबर" म्हणत होते. ते पुढे बोललेच नाहीत.

त्याच वर्षी दिवाळीआधी आबा गेले.

नातवंडांना मी राणीची गोष्ट सांगते. ती विचारतात, "मग आजी, जेवायला कोण आलं?" मला माहीत नाही. ज्या दोघांना माहीत होतं, त्यांतल्या एकाला मी तिथंच थांबवलं होतं.