लुगड्याखालची भेंडी

भेंडीचं फूल तुम्ही कधी नीट बघितलंय का? पिवळं धमक, पोटात काळपट जांभळा ठिपका. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं, दुसऱ्या दिवशी गळून पडतं. एवढं मला सांगता येतं ते बायकोमुळं. आधी मी नुसता भेंडी खाणारा होतो.

आमचं रान भीमेच्या काठाला, दौंडच्या अंगाला. तिचं माहेर नदीपलीकडं, मांडवगण फराट्याला. आणे जाऊन बाजारात नवे पैसे नुकतेच आले होते तेव्हाची गोष्ट. तिच्या आईनं लग्नात भेंडीचं बी बांधून दिलं होतं. दरसाल आम्ही त्याच्या दोन ओळी लावायचो.

त्या भादव्यात आईच्या वर्षश्राद्धाला ती माहेरी गेली. जाताना बजावलं, "कडेच्या दहा झाडांना आता शेंगा लागतील त्या तोडू नका, बियाला ठेवायच्यात."

तोडल्या नाहीत. पण बाजरीवरचे हिंगे, म्हणजे फुलं खाणारे भुंगेरे, भेंडीवर उतरले. फुलांची पार चाळण झाली. मग मी डोकं चालवलं. तुराट्या रोवल्या आन् तिची लुगडी आणून त्या दहा झाडांवर चहूबाजूंनी पांघरली. आत मुंगी शिरायची नाही असा बंदोबस्त. दोन लुगडी जुनी होती. तिसरं तितकं जुनं नव्हतं.

बांधाशेजारी मेंढरं विकून शेतीला लागलेले एक आबा होते. ते काठी टेकून उभे राहिले.

"का रं, बायकू माहेरी गेली म्हणून भेंडीला लुगडं नेसवलंस व्हय?"

"किड्यापायी केलंय, आबा."

"मग चोळीनं काय घोडं मारलं?"

बारा दिवसांनी ती आली ती तोंड पाडूनच. भावानं सगळीकडं ऊस लावला होता आन् आईच्या मडक्यातलं बी किड्यांनी पोकळ केलं होतं. इकडं आमची बाकीची झाडं भुंगेऱ्यांनी खाल्लेली. आईची भेंडी आता उरली ती ह्या दहा झाडांवर.

लुगडी बघून ती आधी हसली. तिसरं दिसल्यावर हसायची थांबली. मग आत वाकून बघितलं. शेंगा साऱ्या आखूड, विळ्यासारख्या वाकड्या. एक मोडून तिनं माझ्यापुढं धरली. एका अंगाला चार दाणे, दुसरं अंग रिकामं.

"अवो, माश्या कुठनं आत येनार?"

"कसल्या माश्या?"

"मधाच्या! सकाळच्या त्या फुलात लोळत्यात, तवा पिवळी पूड मधल्या तुऱ्यावर पडती आन् दाना भरतो. माशी न्हाई आली तर फूल आपलं आपन थोडंफार धरतं. पन जिकडं दाना न्हाई तिकडं शेंग वाकती."

"तुला कुनी सांगितलं?"

"आईनं. तुमास्नी भुंगा तेवढा दिसला."

माझी शाळा चौथीपर्यंत, तिची तेवढीही नाही. आता तिला जाऊन दीड वर्ष झालं. रोज काहीतरी विचारायचं आठवतं आन् विचारायला कोणी नाही. रडगाणं गात नाही, आहे ते लिहितो.

दुसऱ्या सकाळी लुगडी निघाली. शेंड्याला अजून कळ्या होत्या, तेवढाच आधार. वाकड्या शेंगा तिनं तोडून टाकल्या, झाडाचा जोर नव्या फुलांना लागावा म्हणून. रोज सकाळी आम्ही हाताला फडकी गुंडाळून हिंगे वेचायचो, कारण तो किडा चिरडला की कातडीला फोड येतात. वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायचो. मधमाशी आली की ती माझा हात दाबून धरायची. "हलू नका. तिचं काम हुंद्या." उभ्या जन्मात मी कुणापुढं इतका गप उभा राहिलो नाही.

आबा येता-जाता विचारायचे, "लागलं का गं फुलांचं लगीन?"

"लागलं की. आहेर न घेता आलाय व्हय, आबा?"

दिवाळीनंतर शेंगा वाळल्या. तिनं एक फोडली. पाची कप्प्यांत दाणा ठासून भरलेला. दुसरी फोडली, तिसरी फोडली. दोन ओंजळी बी निघालं. त्यातलं अर्धं तिनं फडक्यात बांधलं.

"हे कुठं?"

"भावाकडं. चला, नावंनं पलीकडं जाऊ."

"त्यानं ऊस लावलाय की."

"बांधावर लावंल. न्हाई लावली तर मी लावून येती. आईची भेंडी आता एकाच घरी ठिवायची न्हाई. त्यातनं तुमच्या भरवशावर तर न्हाईच न्हाई."

मी मुकाट्यानं नावेत बसलो.