कोचला काढा

इथे आखातात अब्बासियाहून शुवैखच्या वर्कशॉपला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसतो. सांगलीकडचा, वेल्डिंगचा फोरमन. ज्या कॉलेजकडून तो बास्केटबॉल खेळला, त्याची मॅच मोबाईलवर लागली की गडी सीटच्या कडेला येतो आणि धुळकट काचेवर बोटाने कोर्ट काढून मला समजावतो, "हितं माणूस पायजे का नको? कोच झोपलाय, लेका!" टीम दोन वर्षं हरतेय. हरली की तो जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर एकच ओळ टाकतो : कोचला काढा.

गेल्या आठवड्यात ग्रुपने कॉलेजला द्यायला खरंच तसं पत्र तयार केलं. नेमकी तेव्हाच आमच्या कंपनीत, कुणाकुणाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आता वाढवायचा नाही, त्याची यादी होत होती. बसमध्ये त्याचीच कुजबुज चालली होती. मला विषय बदलायचा होता.

"पत्रावर तुमचं नाव घातलंत?" मी विचारलं.

त्याने मोबाईल खिशात ठेवला. "कोच किती वर्षांचा आसंल?"

"पन्नाशी उलटलेली दिसते. तुमच्याएवढाच."

काचेवरचं कोर्ट तो तळव्याने पुसत राहिला.

"ह्या वयात त्याला कोण ठेवून घेतंय?"