घाटातली पाटी

खिंडीपलीकडच्या वस्तीत दवाखाना नव्हता, म्हणून सिस्टर आठवड्यातून दोनदा सायकलवर घाट चढायच्या. एकवीस वर्षं. नऊ किलोमीटरचा चढ तसा जीवघेणा नाही, पण बिनगिअरची सायकल आणि कॅरियरला लशींचा डबा म्हटल्यावर भल्याभल्यांना घाम फुटेल. चौथ्या वळणावर दरी उघडते, खाली नदी चकाकते. लोक तिथे फोटो काढायला थांबतात. सिस्टर कधी थांबल्या नाहीत. डब्यातला बर्फ वितळायच्या आत पोचायचं असे.

त्या निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी नवऱ्याने बातमी आणली. खिंडीत सायकल क्लबने पाटी लावली होती. ‘ही खिंड सायकलने सर करणारी पहिली महिला’, खाली शहरातल्या कुणा बाईचं नाव आणि गेल्या वर्षीची तारीख.

“असू दे की,” नवरा म्हणाला. “आपल्याला काय त्याचं?”

“मग मी एकवीस वर्षं काय पालखीतून जात होते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सायकलमध्ये हवा भरली आणि कुरकुरणारे गुडघे घेऊन घाट चढल्या. पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. तिथून उतरल्या त्या थेट क्लबच्या ऑफिसात.

सेक्रेटरीने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. “सिस्टर, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण ती तुमची ड्युटी होती. त्याला सायकलिंग म्हणत नाहीत.”

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पगार घेतला म्हणून चढ सपाट होत होता का?”

“बरं, पुढच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करू.”

“सत्कार नको. खोटं तेवढं पुसा.”

त्यांनी तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी नंबर शोधून त्यांनी त्या शहरातल्या बाईलाच फोन लावला. पाटीपासून पत्रांपर्यंत सगळं सांगितलं.

“मला त्यांनी तसंच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मीही विचारलं नाही. चुकलंच माझं.”

तिने क्लबला काय सुनावलं कोण जाणे, आठवड्याभरात पाटीवरच्या ‘पहिली’वर पांढरा रंग फासला गेला. सिस्टर पुन्हा घाट चढून खात्री करून आल्या.

“झालं ना आता समाधान?” नवऱ्याने विचारलं.

“कसलं समाधान? चुकलो म्हणायला क्लबातल्या एकालाही तोंड उघडवलं नाही,” म्हणत त्या गुडघ्यांना तेल चोळत बसल्या.