दोनशे बारा नावं

मोनालीचा फोन आला तेव्हा नवल डबा खात होता. ती जळगावच्या कॉलेजातली मुलगी, संस्थेचं काम शिकायला घेतलेल्या तिघांपैकी एक. तिने सहज विचारलं, "सर, कोडच्या फोल्डरमध्ये गावातल्या लोकांच्या नावांची एक फाइल आहे. ती खरी माणसं आहेत का?"

नवलने भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. कोणती फाइल, हे विचारायची गरजच नव्हती.

नवल सत्तेचाळीस वर्षांचा. धुळ्यात लग्नपत्रिका टाइप करता करता त्याने प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. आता देवपुरातल्या एका लहान संस्थेत तो एकटाच कोड लिहितो. संस्था साक्रीच्या पलीकडच्या पाड्यांवर सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्त तपासते. वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार मुलांकडे नेऊ शकणाऱ्या, दोनशे बारा जणांची नावं त्या फाइलमध्ये होती. पाड्यावर असं नाव कळलं की मुलीचं जमत आलेलं लग्न मोडतं. एकदा मोडलंही होतं. तेव्हापासून लोक रक्त द्यायला तयार नव्हते. दिवालीबाई या आशाताई घरोघर फिरल्या आणि नाव बाहेर जाणार नाही असं सांगत राहिल्या, तेव्हा कुठे लोक पुन्हा आले. दिवालीबाईंना तसं सांगितलं होतं नवलने.

त्याने खरंच काळजी घेतली होती, असं त्याला वाटत होतं. गिट म्हणजे कोडची रोजची नोंदवही. कोणी काय बदललं ते सगळं ती लक्षात ठेवते. जी फाइल तिच्यात जाऊ द्यायची नाही, तिचं नाव 'इग्नोर'च्या यादीत लिहायचं. दोन वर्षांपूर्वी त्याने ते लिहिलं होतं. पण त्याच्या चार दिवस आधी, नावांची जुळणी तपासण्याच्या घाईत, ती फाइल एकदा कमिट झाली होती, म्हणजे नोंदवहीत चढली होती. आणि आत शिरलेल्या फाइलला ती यादी लागू होत नाही. गिटची तिच्यावरची नजर आधी वेगळ्या आज्ञेने हटवावी लागते. ती एक ओळ नवलने दिलीच नव्हती. दोन वर्षं प्रत्येक नवं नाव मुकाट्याने नोंदवहीत जात राहिलं. इतके दिवस वही त्याच्या एकट्याकडे होती म्हणून निभावलं. गेल्या सोमवारी ती तिघा विद्यार्थ्यांना उघडून दिली.

आता त्याने ती ओळ दिली. तेवढ्याने भागणार नव्हतं, कारण जुन्या नोंदींत फाइल तशीच राहते. मग दोन दिवस बसून त्याने सगळा इतिहास धुऊन नव्याने लिहिला, तिघांना आपापल्या प्रती पुसायला लावल्या आणि प्रत्येकाने पुसल्याचं सांगेपर्यंत फोन खाली ठेवला नाही. डोळे चुरचुरत होते. पुसलं म्हणाले, म्हणजे पुसलं असेल. ते तपासायचा उपाय त्याच्याकडे नव्हता.

संस्थेचे प्रमुख रतिलालभाऊ म्हणाले की झालं ते निस्तरलं, आता गवगवा कशाला. पाड्यावर कळलं तर पुढच्या शिबिराला कुत्रंही यायचं नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नवल मान हलवून खाली आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साक्रीच्या बसमध्ये बसला.

दिवालीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. त्याने सगळं सांगितलं, जमेल तितक्या साध्या शब्दांत. त्यांचा हात थांबला नाही.

"तुम्हना कॉम्पुटरपेक्षा मन्ही वही बरी व्हती," त्या म्हणाल्या. "पेटीमा राहे. कुलूप लायेल."

नवल फुलांवर पाय पडू नये म्हणून मागे सरकला.

"कोणी दखं?" त्यांनी विचारलं.

"तिघांकडे गेली होती. एकीने उघडली."

त्यांनी शेवटची मूठ पसरली, हात पदराला पुसले. "मी बठ्ठासले, घरोघर, सांगेल शे, भाऊ. आते तुम्ही सांगा. चला मन्हासंगे."

पहिलं घर ममताचं. तिचं लग्न ठरत होतं. नवल दारात उभा राहून बोलला. बसा, असं कोणी म्हटलं नाही. मुलगी खांबाला टेकून ऐकत होती. बापाने एकच विचारलं, नाव काढता येतं का. येतं, नवल म्हणाला, पण मग तपासणीचा, सल्ल्याचा निरोप येणार नाही. बापाने मुलीकडे पाहिलं.

"काढा," ममता म्हणाली. "मुलाला मी स्वतः सांगणार होते. माझं मी सांगेन."

नवलने सोबत आणलेल्या यादीच्या कागदावर तिच्या नावावर रेघ मारली.

संध्याकाळपर्यंत अकरा घरं झाली. सात घरांनी नावं काढायला लावली. दोघांनी ठेवा म्हटलं. एका म्हातारीला काय झालं ते कळलंच नाही, तिने चहा केला. एका घराने दार लावून घेतलं. नवलचे पाय भरून आले होते आणि प्रत्येक दारात तेच वाक्य बोलून बोलून त्याचा घसा बसला होता.

फाट्यावर बसची वाट पाहताना त्याने कागद दिवालीबाईंपुढे धरला. बाकीच्या घरांना फोन केला तर चालेल का, त्याने विचारलं.

"नही," त्या म्हणाल्या, आणि उद्या कोणत्या पाड्यावर जायचं ते सांगू लागल्या.