खराट्याची काडी

चमचा माझ्यापाशी येऊन थांबला. बाकीच्या मुलींच्या जिभेखाली अक्कांनी तोच घातला होता. जिभेचं टोक वर उचलून स्पॅनिशमधला घुमणारा 'र' म्हणवून घेतला होता, दर वेळी चमचा गरम पाण्यात बुडवला होता. माझी पाळी आली. त्यांनी चमचा रुमालावर ठेवला आणि पिशवीतून खराट्याची काडी काढली.

“स्वल्प थांब गं. तुझ्यासाठी वेगळं आणलंय. नव्या खराट्याची आहे, धुतलेली.”

आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, तुझे अण्णा काय करतात. मी सांगितलं, कँटोन्मेंटात चपला शिवतात. तेवढं पुरलं.

बेंगळूरच्या त्या इस्पितळात मी नर्सिंग शिकत होते. इस्पितळ स्पॅनिश नन्सचं. ज्यांना स्पॅनिश नीट वाचता येईल त्यांना सुईणीच्या शिक्षणासाठी स्पेनला पाठवणार होते. शिकवायला या अक्का. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे तिकडे राहून आलेल्या. घरी मराठीच बोलणाऱ्या, आमच्यासारख्या.

मी तोंड उघडलं. मला जायचं होतं. काडी टोचली, जिभेतून रक्त आलं. मुली खाली बघत राहिल्या. त्यातली एक रोज माझ्या डब्यातलं खायची, तीही.

मग 'र' येईना. येणार कसा? काडी दिसली की जीभ आखडायची. अक्का म्हणायच्या, तुमच्या लोकांची जीभ जडच. मी घरी धुणं धुताना घोकायची. कार्रो म्हणजे गाडी. रोपा म्हणजे कपडे. आई म्हणायची, पोरीला वेड लागलंय. एका सकाळी धुण्याच्या दगडापाशी तो 'र' आला. समोर कुणी नव्हतं, म्हणूनच आला. मला रडू फुटलं.

निवडीच्या दिवशी इस्पितळाच्या मुख्य नन, मदर, समोर बसल्या होत्या. माझं नाव घेताच अक्कांनी काडी काढली. हसत हसत मदरना स्पॅनिशमध्ये सांगितलं, हिची जीभ जड आहे. मला हे कळतंय, याचं त्यांना भानच नव्हतं.

मी समोर ठेवलेला उतारा वाचला. एकही 'र' अडला नाही. मग अक्कांच्या हातातली काडी घेतली, मदरच्या पुढ्यात ठेवली आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाले,

“त्यांना चमचा. मला ही. का, ते विचारा.”

मदरनी काडीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

स्पेनला मी गेले नाही. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू. डब्यातलं खाणारी गेली. मी इथंच राहिले, इथंच नोकरी केली.

पण त्या दिवशी एक पक्कं ठरवलं. माझ्यासाठी वेगळं काढलेलं काहीही तोंडाला लावणार नाही. कप असो, ताट असो, देवाचा प्रसाद असो. ज्याचं त्याला परत करीन आणि का, ते चारचौघांत विचारीन. त्याला समजेल त्या भाषेत.